स्लाइडमधलं भोक

“दीदी, ब्लेड बदलो. फिर छेद कर दिया.”

कौशल्या दीदी आमच्या लॅबची सर्वांत जुनी टेक्निशियन. चष्म्यावरून बघत म्हणाली, “सर, मैंने नहीं फाड़ा.”

मी तुकडे तपासणारा डॉक्टर, मी कशाला ऐकतोय! मायक्रोस्कोपखाली मोठ्या आतड्याचं निरोगी अस्तर होतं आणि मधोमध भोक. भोकाचा काय रिपोर्ट द्यायचा? ‘नॉर्मल’ लिहिलं, सही ठोकली, चहा मागवला. रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, आणि थोडी राजधानी माझ्याही अंगात चढली होती.

तुकडा होता मेश्रामांचा. उरला या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलचे फोरमन. दोन दिवसांनी दुर्बिणीतून तो काढणाऱ्या डॉक्टर मॅडमचा फोन आला.

“सर, नॉर्मल कसं? मी तिथे खड्डा बघितलाय. निळा रंग टाकल्यावर स्पष्ट दिसला.”

“मॅडम, पॉलिप म्हणजे कुत्र्याची छत्री. वर उगवते. खड्डा कुठला?” असं ऐकवून मी फोन ठेवला. मग स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली सरकवली. खड्डा. भोक.

कॅन्सरच्या आधीच्या या वाढी बहुतेक वेळा वर उगवतात हे खरं. पण काही सपाट असतात आणि काही बशीसारख्या खोलगट. खोलगट जास्त वाईट. लहान असतानाच आत शिरतात. म्हणून असा तुकडा मेणात कडेवर उभा बसवायचा, म्हणजे पावाच्या स्लाइससारखे सगळे थर एकदम दिसतात. आमच्याकडे तो पापडासारखा पालथा बसवला होता. ब्लेड फिरलं ते बशीच्या निरोगी काठावरून. खोलगट भागापर्यंत पोचलंच नाही. मला दिसलेलं भोक म्हणजे आजाराची जागा होती.

आडवा कुणी बसवला म्हणून मी गरजलो. दीदीने भिंतीवरच्या सूचनेकडे बोट केलं. ‘सब टुकड़े आड़े बिठाएँ.’ खाली सही माझी.

मेण वितळवून तुकडा उभा केला. नव्या स्लाइडवर खड्ड्याच्या तळाशी काळपट ग्रंथींची दाटी. कॅन्सर नव्हता, पण उंबरठ्यावर होता. शिवाय आजार कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला. म्हणजे थोडा आतड्यात राहिलाच असणार.

लॅबचे मालक डॉक्टरच, मूळचे नागपूरचे. “हे फक्त जपान्यांत दिसणारं दुखणं आहे बे. उरल्यात कुठून येऊन राहिलं?”

मी स्लाइड पुढे केली. त्यांनी पाहिली. आवाज खाली आला.

“बरं, ‘आणखी स्लाइड पाहिल्या’ एवढं लिही. चूक-बिक लिहू नको.”

“तेवढ्यावर कोणी मेश्रामांना परत बोलावणार नाही, सर. ‘नॉर्मल’ ऐकून ते कामावर गेलेत.”

“नाव खराब होते लॅबचं.”

“मग माझं टाकतो.”

“लॅबचा शिक्का भेटणार नाही.”

“राहू द्या.”

लिहिलं: ‘आधीचा रिपोर्ट चूक. तुकडा आडवा बसवला, ती चूक माझी. पुन्हा तपासणी तातडीने करावी.’ एक प्रत मॅडमना दिली, दुसरी घेऊन स्कूटरने उरला गाठलं.

मेश्राम मिलच्या गेटसमोरच्या टपरीवर भेटले. कागद वाचून म्हणाले, “तुमीच नॉर्मल म्हटलं होतं ना?”

“हो. चुकलो.”

“मंग आता काहून खरं मानू?”

मी त्यांची चहाची बशी उचलली. “यावरून हात फिरवा.” त्यांनी फिरवला. “काठच लागला ना? मीबी तेवढाच पाहिला. रोग मधात होता.”

त्यांनी बशी उलटी करून पाहिली. “आमच्याकडं असा रोल उलटा बसवला, तर मी फिटरले घरी पाठवतो.”

“मालकबी मले आता तेच करतीन.”

तेव्हा ते पहिल्यांदा हसले. “बरं, कधी येऊ?”

त्याच आठवड्यात मॅडमनी उरलेला भाग काढला. यावेळी तुकडा थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून आला, आणि उभा बसला. आजार खोल गेला नव्हता. मेश्राम पुढे त्याच मिलमधून रिटायर झाले. मालकांनी मला घरी पाठवलं नाही, शिक्काही दिला नाही. तो रिपोर्ट आजही बिनशिक्क्याचा आहे.

भोकवाली स्लाइड माझ्या टेबलावर असते. नवे शिकाऊ डॉक्टर ती बघतात आणि ठसक्यात सांगतात, “सर, टेक्निशियनने फाडलीय.”

मी आधी कौशल्या दीदीला आत बोलावतो.