वैमानिकाच्या कमरेला पिस्तूल

मी विमानतळावर विमानाची वाट पाहत बसले होते. समोरून एक तरुण वैमानिक बॅग ओढत गेला. शेजारचे गृहस्थ त्याच्याकडे बघून म्हणाले, "यांच्या कमरेला पिस्तूल हवं. कोणी कॉकपिटकडे फिरकलं, की घाला गोळी!" जणू डास मारायची गोष्ट चालली होती. माझं डोकंच फिरलं.

माझी मामेबहीण रोहिणी विमान चालवते. एकदा उड्डाणात तिच्या कॉकपिटच्या दारावर धडाधड थापा पडल्या. कोणीतरी दार ओढतही होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग केबिनमधून फोन आला, "मॅडम, एक आजोबा आहेत. पहिल्यांदाच विमानात बसलेत. त्यांना हे संडासाचं दार वाटलं."

हे सांगताना रोहिणी हसली नव्हती. "ताई, तेव्हा हाताशी पिस्तूल असतं ना, तर मी ते उचललं असतं," एवढंच म्हणाली होती.

दाराच्या दोन्ही बाजूंना माणसंच होती आणि दोघंही गांगरलेली होती. मध्ये बंद दार होतं, म्हणून समजून घ्यायला वेळ मिळाला. पिस्तूल तेवढाही वेळ देत नाही.

मी हे सगळं त्या गृहस्थांना ऐकवलं.

"एखाददुसरी चूक व्हायचीच," ते म्हणाले आणि सँडविच खाऊ लागले.

बंदुकीची हौस असलेल्यांना मरणारा माणूस नेहमी दुसऱ्याच्या घरचा वाटतो. मी उठले आणि लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी गप्प बसून राहणं म्हणजे त्या चुकीला आधीच होकार दिल्यासारखं झालं असतं.