पाठीला पाठ

खळताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण उभा जन्म बाइंडिंगच्या दुकानात गेला, बोटांवर पिठाच्या खळीचे पापुद्रे सदाचेच, मग गिऱ्हाइकांनी तिला दुसऱ्या नावानं हाक मारली असती तरच नवल. तिलाही ते आवडायचं. "चिकट बाई आहे मी, धरलं की सोडत नाही," असं म्हणून ती आपणच आधी हसायची.

तिच्या घरी पुस्तकं किती, हे मोजायच्या भानगडीत ती कधी पडली नाही. लोक फाटकं पुस्तक बांधायला टाकत आणि विसरून जात. काही जण गाव सोडून जात, काही जगच. मालक म्हणायचा, "घाला रद्दीत." ही मान डोलवायची आणि संध्याकाळी ते पिशवीत घालून घरी आणायची. नवा पुठ्ठा, नवी शिवण, आणि पाठीला शिंप्याकडच्या उरल्यासुरल्या कापडाची पट्टी. पुस्तकाच्या ज्या बाजूवर नाव असतं, तिला त्या धंद्यात पाठ म्हणतात. खळताईच्या पाठी बघण्यासारख्या असायच्या. गर्द लाल, बाटलीसारखा हिरवा, मोहरीचा पिवळा, आणि त्यावर सोनेरी अक्षरं.

दोन खोल्यांत भिंती दिसेनाशा झाल्या, पण ढीग म्हणून कुठे नाही. मागची ओळ विटांवर फळी टाकून उंच केलेली, म्हणजे पुढच्यांच्या डोक्यावरून मागच्यांची नावं वाचता यावीत. जाडजूड कोश तळाला, नाहीतर फळीला पोट सुटतं. मधेच चारेक पुस्तकं आडवी, ओळीला टेकू म्हणून. सगळ्यांच्या पाठी फळीच्या कडेला एका रेषेत, आणि प्रत्येक ओळीत दोन बोटं जातील एवढी सैल जागा. आल्यागेल्याला तिचा एक धडा ठरलेला असे. "पुस्तक शेंडीला, म्हणजे पाठीच्या वरच्या टोकाला, धरून ओढायचं नाही. शेजारच्या दोघांना जरा आत ढकलायचं आणि मधल्याला कमरेला धरून बाहेर घ्यायचं." ज्यानं चुकून शेंडीला हात घातला, त्याला चहा मिळायचा, पण जरा फिकाच.

आता भावाबद्दल. तो तिच्या पाठचा, अगदी पाठीला पाठ लावून आलेला. लहानपणी दोघं तशीच बसायचीसुद्धा. भिंतीपाशी गारठा म्हणून खोलीच्या मधोमध पाठीला पाठ टेकून, ती मोठ्यानं वाचतेय आणि तो ऐकता ऐकता पेंगतोय. घरात एकच पुस्तक होतं, एका कासवाच्या गोष्टींचं. त्यातल्या कासवाला भावानं पेन्सिलीनं मिशा काढल्या होत्या आणि त्याबद्दल आईकडून धपाटे खाल्ले होते. पुढे त्या पुस्तकाची पानं सुटली तेव्हा खळताईनं घरच्याच सुईदोऱ्यानं ती शिवली. तिच्या हातची ती पहिली बांधणी.

भाऊ मोठा होऊन लोकांची घरं सजवून द्यायला लागला. बरं चाललं होतं त्याचं. बोलणं असं गोड की समोरच्यानं स्वतःची भिंत पाडायला स्वतःच हातोडा आणून द्यावा. त्यानं नवीन घर घेतलं आणि एका दुपारी बहिणीकडे येऊन बसला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "ताई, ही ओल बघ. दोन वर्षांत बुरशी खाईल सगळी पुस्तकं."

ओलीची भीती तिला होतीच. त्या भीतीनं ती उठून उठून पुस्तकं पुसायची.

"माझ्या बैठकीत एक अख्खी भिंत पुस्तकांची करतोय," तो म्हणाला. "कोरडी, उजेडाची. तुझी पुस्तकं तिथं राजासारखी राहतील. खिडकीशी तुझी खुर्ची. कधीही ये, वाच, हवं ते घरी घेऊन जा. लावायचीसुद्धा तूच, मला कुठं जमतंय?"

हुरळली मेंढी, लागली लांडग्यामागं. पण तेव्हा लांडगा कसला, पाठचा भाऊ होता तो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या माघारी पुस्तकांचं काय, हा घोर तिला कित्येक वर्षं होता, आणि तो घोर आपल्या माणसानं न सांगता ओळखला, असं तिला वाटलं.

टेम्पो आला, खोकी भरली गेली. शिकंज्यात, म्हणजे पुस्तक दाबून ठेवायच्या यंत्रात, एक पुस्तक अडकवलेलं होतं. जुना पुठ्ठा काढलेला, नुसती शिवलेली पानं. भावानं डोकावून पाहिलं.

"हे कसलं गं? याला पाठच नाही. राहू दे."

ते कासवाचं पुस्तक होतं. ती गालातल्या गालात हसली. नवं बांधून त्याच्या हातात ठेवीन तेव्हा बघू चेहरा, असा तिचा बेत होता.

मग रोज दुकान सुटल्यावर ती त्याच्या नव्या घरी जायची. कपाट अजून व्हायचं होतं, म्हणून पुस्तकं जमिनीवर ओळींनी मांडायची. लाल सगळी एकीकडे, असला पोरखेळ तिनं केला नाही. लाल-हिरवं-पिवळं असं विखुरलं की भिंत हसरी दिसते, आणि नजरेच्या उंचीवर येणाऱ्या ओळीत रोज लागणारी पुस्तकं. तिथंच, ऐन मधोमध, तिनं एक फट सोडली. "या जागेला हात लावू नकोस. एक यायचंय अजून." सुतारानं ठोकलेल्या फळ्या तिला अंमळ अरुंद वाटल्या. विचारलं तर भाऊ म्हणाला, "पुढे पट्टी यायचीय अजून." आयुष्य पुठ्ठे मापण्यात गेलेली बाई, पण भावाचं बोलणं कोण मापतं? नंतर तो म्हणाला, "आता चार दिवस येऊ नकोस, पॉलिशचा वास तुला सोसणार नाही." केवढी काळजी!

घर दाखवायला भावानं ओळखीपाळखीचे लोक बोलावले. खळताई इस्त्रीची साडी नेसून गेली. हातात कासवाचं पुस्तक, कापडात गुंडाळलेलं. पाठीला गडद निळं कापड लावलं होतं, आजवर कुणाला न लावलेलं.

भिंत खरंच देखणी झाली होती. वरून पिवळे दिवे सोडलेले, सगळ्या पाठी एका रेषेत. एक पाहुण्या बाई पुढ्यात उभं राहून फोटो काढत होत्या. "एवढं वाचता कधी हो तुम्ही?" त्यांनी भावाला विचारलं.

"वेळ मिळेल तसं," भाऊ म्हणाला.

बहीण शेजारीच उभी होती. तिच्याकडे बोट दाखवायला काय गेलं असतं? पण पाहुण्यांच्या गडबडीत राहिलं असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. तिच्या फटीत एक पितळी पक्षी बसवला होता. तिनं तो हळूच उचलून बाजूला ठेवला आणि पुस्तक आत सरकवलं. ते बोटभर गेलं आणि थांबलं.

दाटलं असेल, म्हणून तिनं नेहमीसारखं शेजारच्या दोघांना आत ढकललं. ते हलले नाहीत. जरा जोर लावला, तरी नाहीत. मग खळताईनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. लाल पुस्तकाच्या शेंडीत बोट घातलं आणि ओढलं. अख्खी ओळ करकरली. आणि लाल पाठीच्या मागं तिला कापलेल्या पानांची अंगठ्याएवढी कड दिसली, आणि त्यामागं प्लायवूड.

"अगं हळू!" भाऊ धावत आला. "चिकटवलीयत ती."

"आतलं कुठंय?"

"आतलं म्हणजे?"

"पानं रे. पानं कुठंयत?"

त्यानं पाहुण्यांकडे बघून आवाज उतरवला. "ताई, पूर्ण पुस्तकं ठेवली असती तर वीतभर खोली गेली असती. आणि पिवळी पडलेली पानं, कोण वाचणार होतं? रद्दीवाला घेऊन गेला. पण तुझ्या हातच्या पाठींना मी धक्का लागू दिला नाही हं. सुताराला बारीक पात्याची करवत आणायला लावली मुद्दाम. गिऱ्हाइकं विचारतायत, अशा पाठी आम्हालाही हव्यात. तू नुसत्या पाठी बनवून दे, आतलं काही नकोच."

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. बहिणीचं भलं केल्याचा आनंद होता, आणि तोच तिला जास्त लागला. चोरून नेली असती तर तिनं शिव्या दिल्या असत्या. यानं मागून नेली, तिच्याच हातानं ओळीत मांडून घेतली आणि मग करवत चालवली. केसानं गळा कापतात तो असा.

"ते काय आणलंयस? वा, काय निळा आहे!" त्यानं तिच्या हातातल्या पुस्तकाची पाठ अंगठ्यानं मापली. "फटीत बरोबर बसेल. दे इकडे, उद्या सुतार यायचाच आहे."

"उघडून तरी बघ," ती म्हणाली.

"बघतो गं नंतर. दे."

तिनं दिलं नाही. पुस्तक छातीशी धरलं. "आई सांगायची, हा तुझ्या पाठचा. खरंच सांगायची. पाठ तेवढी ठेवलीस."

भावाला ते कळलं नाही. तो हसला आणि पाहुण्या बाईंना म्हणाला, "आमच्या ताईचं आपलं काहीतरी!"

घरी आल्यावर तिनं साडीही बदलली नाही. रिकाम्या फळ्यांवर धुळीच्या रेघा होत्या, कुठलं पुस्तक कुठवर उभं होतं ते सांगणाऱ्या. ती खोलीच्या मधोमध बसली, पुस्तक उघडलं, मिशांचं कासव सापडेपर्यंत पानं उलटली. मग पाठीला टेकायला काही नाही हे जाणवलं आणि तिला रडू आलं. चांगलं मोठ्यानं रडली ती.

मग उठून तिनं ते पुस्तक नजरेच्या उंचीवरच्या फळीवर एकटंच ठेवलं. विटा दोन्ही बाजूंना लावल्या. पण तिची जन्माची रीत मोडून, निळी पाठ भिंतीकडे आणि पानं बाहेर. ज्याला ते कुठलं पुस्तक आहे हे हवं असेल, त्यानं उघडून बघावं.