नववीतल्या दोघी बहिणी

सुरतेच्या मराठी शाळेत मी नववीत होते, त्या वर्षी आमच्या वर्गात दोन सख्ख्या बहिणी होत्या. थोरली आदल्या वर्षी गणितात नापास झाली, फेरपरीक्षेतही, म्हणून धाकटीच्या वर्गात येऊन बसली. त्यांचे वडील शहरातल्याच पांडेसरा भागात कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला, मूळचे खानदेशातले. माझे वडील बँकेत. आमच्या घरी अशा मुलींचा विषय निघाला की 'बिचाऱ्या' म्हणायची पद्धत होती. धाकटीला तो शब्द शोभत नव्हता. तिचा वर्गात पहिला नंबर असायचा.

गणिताचे सर उदाहरण सोडवून झालं की "समजलं?" विचारत. सगळ्यांच्या माना हलत. थोरली मात्र हात वर करायची.

"सर, माले समजनं नही."

गडबडीत तिच्या तोंडून घरची अहिराणीच यायची. वर्ग हसायचा. शेजारी बसलेली धाकटी मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत राहायची.

एकदा सर वैतागले. "किती वेळा सांगू तुला?"

"पहिली पायरी समजली, सर. दुसरी कशी आली तेवढं सांगा."

तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता आणि लाजही नव्हती. सरांनी सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "अच्छा" म्हणालं. तेव्हापासून पुढचं उदाहरण घेण्याआधी सर तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागले. हसणंही हळूहळू थांबलं.

वार्षिक परीक्षेत थोरली जेमतेम पास झाली आणि धाकटी इंग्रजीत नापास. पेपरच्या दिवशी तिला ताप होता, असं त्यांची आई सगळ्यांना सांगत होती.  जूनमध्ये फेरपरीक्षा होती. थोरली मला बोलावून घरी घेऊन गेली. माझं इंग्रजी बरं होतं, मी शिकवलं तर धाकटी परीक्षेला बसेल, असं तिला वाटत होतं.

धाकटी खोलीत साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत होती. आसपासच्या बऱ्याच घरांत बायका मजुरीवर हे काम करायच्या.

"मी नाही येणार शाळेत," ती म्हणाली.

"एका विषयाचं तर आहे," थोरली म्हणाली. "मी तर अख्खं वर्ष परत केलं."

"तुझं वेगळं आहे, ताई. तुला सवय आहे."

 थोरली म्हणाली, "सवय कसली? पहिल्या दिवशी तुझ्या शेजारी बसले, तेव्हा दिवसभर मान वर केली नव्हती मी."

धाकटीने वर पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. नंतर सरही दोनदा तिला समजावायला घरी गेले. दुसऱ्या खेपेला ती बाहेरच आली नाही. वडील म्हणाले, तिची मर्जी.

थोरली दहावी दुसऱ्या वर्गात पास झाली आणि पुढे नर्सिंगला गेली. धाकटीला बारडोलीचं स्थळ आलं. लग्नाला मी गेले होते. भेटायला आलेल्यांच्या गर्दीतून तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तू पुढे काय घेतलंस?"

"कॉमर्स," मी सांगितलं.

"इंग्रजीतून?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली. तेवढ्यात फोटोवाल्याने तिला मान सरळ ठेवायला सांगितली.