काकाजींचा ओला दुपट्टा

मशीनला हात लावण्याआधी काकाजी दुपट्टा भिजवायचे. पिळून खांबावरच्या खिळ्याला टांगायचे आणि तो किती वेळात वाळतो ते पाहून त्या दिवशीचा वेग ठरवायचे. वर्ध्याकडच्या आमच्या सूतगिरणीत ते सिम्प्लेक्स चालवत, म्हणजे जाड पेळूची हलका पीळ दिलेली बारीक वात करणारं मशीन. मॅनेजरसुद्धा त्यांना काकाजीच म्हणत.

मी नवा सुपरवायझर. पदविका ताजी, तोरा त्याहून ताजा. "काकाजी, हा काय धोबीघाट मांडलाय?" म्हणत मी तो दुपट्टा काढायला लावला.

"काढतो ना साहेब," म्हणाले आणि घडी करून खांद्यावर टाकला.

त्याच उन्हाळ्यात नवं स्वयंचलित सिम्प्लेक्स आलं. वेग असा की नजर ठरेना. वात तुटली की आपोआप थांबायचं, बॉबिन भरली की आपोआप उतरवायचं. ते नीट चालवून दाखवलं तरच माझी नोकरी पक्की होणार होती, आणि ते मेलं चालेचना! सारखी वात तुटे, सारखं थांबे. मी सेन्सर पुसले, पट्टे बदलले, कंपनीला फोन करून करून घसा कोरडा केला. मॅनेजर म्हणाले, "सोमवारपर्यंत वाट पाहतो. मग मशीनही परत आणि तुम्हीही."

"मशीनले काही झालं नाई, साहेब," काकाजी म्हणाले. "हवेले तहान लागली हाये." त्यांनी दुपट्टा भिजवून नव्या मशीनशेजारी टांगला. आमचा चहा संपायच्या आत तो खडखडीत वाळला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली: हवा कोरडी पडली की कापसाची वात तुटणारच. सेन्सरवर पाणी नको म्हणून त्या बाजूचे छतावरचे फवारे मीच बंद करवले होते! फवारे सुरू केले, खाली ओली पोती अंथरली. दुपारनंतर मशीन जे पळालं, ते थांबेचना.

"साहेबांनीच शोधलं," काकाजींनी मॅनेजरला सांगितलं. मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

माझी नोकरी पक्की झाली. महिन्याभरात जुनी सिम्प्लेक्स मोडीत निघाली आणि काकाजींना घरी बसवण्याचं पत्र मलाच द्यावं लागलं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं ना. तीन मशीनचं काम थे एकटं करते, मंग मले कोन ठेवन?"

"मग सांगितलंत कशाला?"

"तुटलेली वात दिसली का माह्या हात थांबत नाई, साहेब."

त्यांनी दुपट्टा भिजवला, त्याच खिळ्याला टांगला आणि मे महिन्याच्या उन्हात उघड्या डोक्याने गेटाकडे निघाले.

आज मी दुसऱ्या गिरणीत मॅनेजर आहे. नवं मशीन आलं की आधी शेजारच्या खांबाला खिळा ठोकून घेतो.