वाळूवरच्या सरळ रेघा

माझं सध्याचं पोस्टिंग फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. कमांडिंग ऑफिसर माझी मुलगी वैशाली. मुदत सहा महिने. साडेपाचला उठतो, चहा स्वतः करतो, सहाला चालायला बाहेर पडतो. फ्रीवेवर तेव्हापासूनच गाड्यांची रांग लागलेली असते. सव्वासातला वैशाली आणि जावई त्या रांगेला जाऊन मिळतात. नातीला "काय गं रेवा, झोप झाली का?" म्हटलं तर "आय ॲम लेट, आजोबा" एवढं उत्तर येतं आणि दार लागतं. आठनंतर घरात मी आणि भांडी घासणारं मशीन. सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे पोस्टिंग अवघड नाही. पण मी थकतो. चढ चढून आलेला थकवा झोपेने जातो, हा जात नाही.

वरच्या खोलीत पल्लवी कांबळे राहते. नागपूरची, वैशालीच्या मैत्रिणीची धाकटी बहीण, इथे पीएचडी करते. सकाळी ती खाली उतरली की मी "जय भीम" म्हणतो, ती "जय भीम, काका" म्हणते आणि माझ्या पातेल्यातला अर्धा चहा ओतून घेते. तिचा विषय दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या उत्तर सीमेपलीकडे राहणारे भटके लोक. शिओंगनू त्यांचं नाव. घोडे, मेंढरं आणि तंबू घेऊन गवतामागे फिरायचे. ते येऊ नयेत म्हणून चीनच्या राजांनी भिंती बांधल्या, बुरूज बांधले, त्यांवर शिपाई बसवले.

"नागपूरची पोरगी कॅलिफोर्नियात बसून चीनच्या धनगरांचा अभ्यास करते. धन्य आहे," मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो होतो.

"काका, त्या लोकांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही. जे आहे ते भिंतीच्या अलीकडच्यांनी लिहिलंय. ते खरं लिहायचे का, एवढंच मी चेक करतेय."

या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. बुरुजांवरच्या शिपायांनी लिहिलेल्या लाकडी पट्ट्या वाळवंटात टिकून राहिल्यात, त्यांचे फोटो. बुरुजासमोर वाळूचा एक पट्टा रोज सारखा करून ठेवायचे. त्यावरून माणूस गेला किंवा घोडा गेला की पाय उमटणार. रोज सकाळी शिपायाने पट्टा चालत बघायचा आणि लिहायचं, आज आत आल्याची किंवा बाहेर गेल्याची खूण नाही.

"बाहेर गेल्याचीसुद्धा?" मी विचारलं.

"हो ना. त्यांचीच माणसं कंटाळून पलीकडच्या भटक्यांकडे पळून जायची. आणि त्या पट्ट्याला ते काय म्हणायचे माहितीये? आकाशाचं शेत."

मी चहाचा कप खाली ठेवला. सैन्यात आम्हीही अशा पट्ट्याला शेतच म्हणायचो.

पल्लवी पुढे बोलत होती. एका बुरुजावरच्या एका शिपायाच्या लाकडी पट्ट्या तिने तारखेने लावून पाहिल्या होत्या. रोज तीच ओळ, खूण नाही. त्यातल्याच एका दिवशी शेजारच्या बुरुजाने घोडेस्वार याच्याच पट्ट्यावरून आत गेल्याचं लिहिलं होतं. "म्हणजे हा माणूस बघायला गेलाच नाही. बसल्या जागी लिहिलं. चॅप्टरमध्ये मी तेच म्हणतेय, फ्रंटियरवरचा आळशी खोटारडा. मंडेला सबमिट करायचंय."

"तू कधी उणे वीसमध्ये वाळू बघितलीस?" माझा आवाज चढला. "वारा असतो, बर्फ असतं, बोटं वाकत नाहीत. इथे हीटर लावून बसायचं आणि शिपायाला खोटारडा म्हणायचं!"

पोरीने लॅपटॉप मिटला आणि ती वर गेली. मी तसाच चालायला बाहेर पडलो. दुसऱ्या चौकापर्यंत पोचेतो राग उतरला आणि खाली काय होतं ते दिसलं. चोराच्या मनात चांदणं. परत येऊन मी तिला हाक मारली.

"पल्लवी, खाली ये बाळा. तुझं बरोबर आहे. तो खोटंच लिहीत होता. मीही एकदा लिहिलंय."

जे त्या दिवशी तिला सांगितलं ते आता इथे लिहितो. याआधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता ऐकायला नाही.

तेव्हा मी हवालदार होतो. पूर्व लडाखमध्ये साडेचौदा हजार फुटांवर आमची पोस्ट होती. अठरा माणसं, एक तरुण कॅप्टन. पोस्टच्या मागे सपाट जागा, तिथे हिवाळ्यात बकऱ्या घेऊन भटकी कुटुंबं यायची, याकच्या केसांचे काळे तंबू लावून राहायची. पोस्टसमोर दोन खडकांच्या मध्ये वाळूचा पट्टा, दोनशे पावलं लांब. त्याला कागदावर स्ट्रिप म्हणायचे, आम्ही शेत. पट्ट्यापुढे दोन नाले फुटायचे, एक डावा, एक उजवा. कॅप्टनसाहेबांच्या परवानगीशिवाय पट्ट्यापुढे पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम होता.

लान्स नायक बाबू पाटोळे जतकडचा. घरी कोरडवाहू जमीन, त्यामुळे माती दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. डिझेलच्या बॅरलचा पत्रा कापून त्याने दाताळं बनवलं. रोज सकाळी दोघांनी ते ओढायचं. "उस्ताद, एवढी मेहनत गावाकडे केली असती तर ज्वारी डोक्याएवढी आली असती," तो म्हणायचा. कामाची पद्धतही त्यानेच बसवून दिली होती. आधी वाचायचं, मग ओढायचं. पट्टा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालत बघायचा, जे दिसेल ते रजिस्टरमध्ये घालायचं, आणि मगच दाताळं लावायचं. नव्या माणसाला तो हे मंगलाष्टकांसारखं घोकायला लावायचा.

भटक्यांमध्ये एक म्हातारी होती. आजीला तिकडे आबी-ले म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. तिच्या तंबूतला खारा लोणी-चहा फक्त पाटोळेला आवडायचा. बाकीचे नाक मुरडायचे.

नोव्हेंबरचा महिना होता. ब्रिगेड कमांडरची व्हिजिट ठरली होती, सकाळी 0900. तीन दिवस आम्ही दगडांना चुना लावत होतो. त्या सकाळी 0535 ला आबी-ले पोस्टवर आली. तिच्या दोन बकऱ्या पट्ट्यापुढे गेल्याचं तिने हातवारे करून सांगितलं. पाटोळे माझ्याकडे आला.

"उस्ताद, तासाभरात घेऊन येतो."

"साहेबांना विचारायला पाहिजे."

"साहेब दाढी करतायत. आत्ता विचारलं तर नाहीच म्हणतील. म्हातारीचं दूध त्यातल्या मोठीवर आहे."

"आठच्या आत ये. जा."

रेडिओ सेट इन्स्पेक्शनसाठी चार्जिंगला लावलेले होते. त्याने सेट नेला नाही, मीही घे म्हणालो नाही. 0540 ला तो पट्टा ओलांडून गेला. कुठल्या नाल्यात वळला ते अंधूक उजेडात मला दिसलं नाही.

0600 ला मी रजिस्टर उघडलं. दोन जवान दाताळं घेऊन उभे होते. साहेबांना रेघा सरळ दिसायला हव्यात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, ओढा. आणि न बघता लिहिलं, स्ट्रिप चेक्ड, नो ट्रॅक्स. सही केली. रेघा सुंदर आल्या होत्या, ताणलेल्या दोरीसारख्या.

0800 वाजले, पाटोळे आला नाही. 0830 ला वारा सुटला, मागोमाग बर्फ. 0910 ला रेडिओवर निरोप आला, हवामानामुळे व्हिजिट कॅन्सल. मग मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो.

"साहब, पाटोळे नहीं है।"

"कब से?"

"सुबह से।"

"आगे गया?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, वाचलं आणि बाहेर जाऊन पट्टा बघितला. बर्फ अजून बसलं नव्हतं. रेघा सरळ होत्या. "आगे कोई नहीं गया," ते म्हणाले. "पीछे ढूँढो। टेंटों की तरफ।"

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. परवानगी मी दिलेली, नोंद मी खोटी केलेली. झाकली मूठ झाकलेली राहावी असं वाटलं. सगळी माणसं मागच्या बाजूला गेली, मीही गेलो. रेडिओ चालू होता.

"पार्टी टू, कुछ मिला? ओव्हर."

"नेगेटिव्ह. ओव्हर."

पन्नास मिनिटं मी ते नेगेटिव्ह ऐकलं. मग माझ्याच्याने राहवेना. दोन जवान घेतले आणि कुणाला न विचारता पट्ट्यापुढे गेलो. कुठल्या नाल्यात शिरायचं? पट्ट्यावर पावलं उरली असती तर लहान मुलानेही सांगितलं असतं. मी डावा नाला धरला. आबी-ले आमच्याआधीच एकटी निघाली होती, उजव्या नाल्यात. 1240 ला तिची शीळ ऐकू आली.

पाटोळे बर्फावरून घसरून खाली पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. थंडीने गेला, पण लगेच नाही. दगडाच्या आडोशाला सात-आठ हात सरपटत आला होता. एक बकरी त्याला टेकून बसली होती. दुसरी लहान होती, ती त्याने कोटाच्या आत घेतली होती. ती जिवंत होती. आबी-लेने त्याच्या भुवयांवरचं बर्फ बाहीने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला हिंदी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. फार बरं वाटलं तेव्हा मला त्याचं. आज त्याची लाज वाटते.

चौकशी झाली. कागदाने कागदावर विश्वास ठेवला. लान्स नायक पाटोळे विनापरवाना, स्ट्रिप टाळून पुढे गेला, असं लिहिलं गेलं. ज्याने दाताळं बनवलं त्याने पट्टा टाळला! पोस्टवर शहीद जवानांच्या नावांचा दगड आहे. ड्यूटीवर गेलेल्यांचीच नावं त्यावर कोरतात. त्याचं नाव कोरलं नाही. मृतदेहासोबत जतला मीच गेलो. त्याची बायको सुनंदा दाराशी बसली होती. तिने एकच विचारलं, "न सांगता गेले का हो? न सांगता कुठं जायचे नाहीत ते." मी पाणी मागितलं आणि प्यालो.

पल्लवीच्या कपातला चहा गार झाला होता. ती म्हणाली, "काका, त्या मावशी आहेत अजून?"

"आहेत. जतलाच, मुलाकडे असतात."

"आणि त्यांना अजून तेच माहितीये, न सांगता गेले म्हणून?"

"हो."

"मग मला कशाला सांगताय?" तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. "मी काय करू याचं? फूटनोट टाकू? त्यांना सांगा ना. लिहून द्या. तुमची सही चालते ना अजून?"

वैशालीने मला आयुष्यात असं फटकारलेलं नाही. बरं झालं कुणीतरी फटकारलं. मी म्हणालो, "लिहितो. पण तूही एक कर. तुझा तो शिपाई खोटारडा आहे, तसं खुशाल लिही. फक्त त्याने न वाचलेल्या पट्ट्यावरून त्या सकाळी कोण गेलं असेल, तेही विचार. त्याने कुणाची पावलं पुसली?"

तिने चॅप्टर सोमवारी दिला नाही. एक आठवडा मागून घेतला.

मी चार दिवस बसून हे लिहिलं. वैशालीने वाचलं. "बाबा, आता या वयात कशाला?" म्हणाली, मग प्रिंटरमध्ये कागद भरून दिले. एक प्रत युनिटला, एक सुनंदावहिनींना. युनिट काय करेल ते मला माहीत नाही. माझी पदकं परत मागितली तर देईन, पुड्यात बांधून ठेवली आहेत. वहिनींनी दारात उभं केलं नाही तरी जतला जाणार आहे. तिकीट पुढच्या महिन्याचं आहे.

कॅप्टनसाहेब आता हयात नाहीत. आबी-लेही नसेल. तिने पाटोळेबद्दल तिच्या माणसांना काय सांगितलं असेल, ते कुठेच लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं आहे ते माझं आहे, आणि ते खोटं आहे. म्हणून त्या दिवसाची नोंद दुरुस्त करतो.

0540. स्ट्रिपवर बाहेर जाणाऱ्या एका माणसाच्या खुणा. बूट आठ नंबर, डावी टाच झिजलेली. लान्स नायक बाबू पाटोळे. परवानगी घेऊन. परवानगी देणारा मी. परत आल्याची खूण नाही.