भेगेवरची काच

आमचं घर रोज थोडं थोडं सरकत होतं, आणि ही गोष्ट पहिले चार दिवस फक्त मलाच माहीत होती.

घर म्हणजे सहा घरांच्या ओळीतलं तिसरं. जबलपुरात सिविल लाइंसच्या कडेला ही ओळ कुण्या इंग्रज साहेबाने आपल्या बाबू लोकांसाठी बांधून घेतली म्हणतात. समोरून बघाल तर जेमतेम बारा फूट, आत शिराल तर खोलीमागून खोली, संपतच नाही. चुन्याचा गिलावा, सागवानी जिना, वर कौलं, आणि दर दोन घरांत भिंत एकच. आमच्या बैठकीची भिंत तीच शेजारच्या मिश्राजींच्या बैठकीची. त्यांनी खिळा ठोकला की आमच्याकडचं कॅलेंडर हलतं. वरच्या मजल्यावर सहाही घरांपुढून एकच लाकडी सज्जा जातो, मध्ये कुठे आडकाठी नाही. बायका रस्त्यावर पाय न ठेवता पहिल्या घरातून सहाव्या घरात जातात आणि वाटेत तीन ठिकाणी चहा घेतात. माझी बायको सुनंदा त्या सज्ज्यावरच राहते म्हटलं तरी चालेल. खाली ती फक्त मला रागवायला येते.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं, तर मिश्राजींकडच्या भिंतीवर भेग! खालपासून छतापर्यंत, नर्मदेसारखी वळणं घेत गेलेली. आमचा मुलगा निखिल विजय नगरला फ्लॅटमध्ये राहतो. तो बघायला आला आणि त्याला आयतंच कोलीत मिळालं.

"बाबा, ये सीरियस है. घर विकून टाका आणि माझ्याकडे या."

"मी नाही येत," सुनंदा म्हणाली. "चौथ्या मजल्यावर मी बोलू कुणाशी? लिफ्टशी?"

मी हात वर केला. चौतीस वर्षं मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली आहेत. माझ्या हाताखालून न तपासलेला एक नट बाहेर गेला नाही (बायकोच्या मते त्यामुळेच मला घरातलं काही दिसत नाही). मी म्हणालो, "भेग असणं वेगळं आणि भेग वाढणं वेगळं. आधी तपासणी होईल. वाढत असेल तर विकू. नसेल तर निखिल, हा विषय पुन्हा काढायचा नाही."

निखिल कबूल झाला. सुनंदाही झाली, कारण तिला खात्री होती की घर माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

तपासणीची रीत सोपी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पीओपीने चिकटवायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. मी जुन्या फोटोफ्रेमची काच कापून पट्टी लावली, तारीख घातली आणि वही सुरू केली. रोज पहाटे काचेचा आवाज ऐकायचा, रोज संध्याकाळी भिंगातून बघायचं. कारखान्याचा नियमच तो, आधी कान, मग डोळा.

पहिल्या संध्याकाळी भिंगातून बघतो तो काय, काच तडकलेली.

मी गुपचूप दुसरी लावली. दुसऱ्या संध्याकाळी तीही तडकलेली. तिसरी, चौथी, तीच गत. फोटोफ्रेम संपल्या तसा मी सासऱ्यांचा फोटो उतरवला, आणि तिथे पकडला गेलो.

"माझ्या बाबांच्या फोटोची काच काहून काढून राहिले?"

मला सांगावंच लागलं. सुनंदा बाबांचा फोटो मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. तिने मला न रागवता खाली बसणं ही आमच्या घरात भूकंपापेक्षा मोठी घटना आहे.

भिंत सामाईक, तेव्हा मिश्राजींना सांगणं माझं कर्तव्य होतं. ते वही चाळत म्हणाले, "मतलब भैया, आपका घर जा रहा है तो हमारा भी साथ में जाएगा?"

"थिअरी में तो ओळीतली सगळीच," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत ही थिअरी सज्ज्यावरून सहाव्या घरापर्यंत पोचली. पहिल्या घराने टीव्ही भिंतीपासून हलवला. पाचव्या घराने लग्न झालेल्या मुलीला माहेरी यायला आठवडाभर थांबवलं. सगळे जण पाळीपाळीने येऊन माझी तडकलेली काच बघून जात होते आणि जाताना दबक्या पावलांनी चालत होते. खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमानही वाटत होता.

पण एके दिवशी वर गेलो, तर सुनंदा आपल्या कुंड्या मिश्रीणबाईंच्या दारात नेऊन ठेवत होती. "फ्लॅटमध्ये इतक्या मावणार नाहीत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. मला फार वाईट वाटलं. मी निखिलला फोन करून म्हटलं, विकण्याआधी एखादा खरा इंजिनियर आण.

इंजिनियर मॅडम आल्या. तरुण होत्या, कमी बोलत होत्या. त्यांनी भेगेवर स्वतः एक पट्टी आमच्या बाजूने लावली आणि एक त्याच भिंतीच्या मिश्राजींकडच्या बाजूने. म्हणाल्या, आठ दिवसांनी येते.

आठ दिवसांनी बैठकीत उभं राहायला जागा नव्हती. मिश्राजींकडची काच जशीच्या तशी. आमची तडकलेली.

"दीवार तो एक ही है," मॅडम म्हणाल्या.

"फक्त आमच्याच बाजूने सरकत असेल," मी सुचवलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अंकलजी, आप रोज चेक कैसे करते हैं?"

हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून मी किती वर्षं वाट बघत होतो! निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेली छोटी पितळी हातोडी मी खिशातून काढली. समजावून सांगितलं की अखंड वस्तूचा नाद वेगळा आणि फुटक्या वस्तूचा वेगळा. नाद ऐकताना डोळे मिटायचे असतात. मॅडमनी नवी पट्टी हातानेच भेगेवर दाबून धरली. मी डोळे मिटले आणि काचेवर हलकेच हातोडी मारली.

टण्.

डोळे उघडले तेव्हा काचेवर बारीक तडा होता आणि माझ्यासमोर सहा घरांतली माणसं होती.

"म्हणजे रोज पहाटे टण्‌टण् करून राहिले ते तुम्ही होते?" सुनंदा म्हणाली. "मी समजत होते, मिश्राजींच्या पूजेची घंटी."

"अरे, और हम समझे आपके यहाँ आरती होती है," मिश्राजी म्हणाले. "हम तो इधर से रोज हाथ जोड़ते थे."

मॅडमनी निकाल सांगितला. भेग जुनी, सत्त्याण्णव सालच्या भूकंपाच्या वेळची, फक्त गिलाव्यातली. आतली भिंत ठणठणीत, अजून दोन पिढ्या बघेल. चुन्याने भरून घ्या. मग त्या सुनंदाकडे वळल्या. "आंटी, मकान को कुछ नहीं हुआ है. बस चूना सूखने तक अंकलजी को इससे दूर रखिए."

निखिल कराराला जागला, घर विकायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. त्याने फक्त माझी बॅग गाडीत ठेवली.

तेव्हापासून मी विजय नगरला, चौथ्या मजल्यावर आहे. सुनंदा रोज संध्याकाळी सज्ज्यावरून फोन करते. मागे कपबशा वाजत असतात, पाच-सहा बायका हसत असतात. कुंड्या परत आल्या आहेत. मी रोज विचारतो, "वाळला का चुना?" आणि ती रोज म्हणते, "अजून ओलाच आहे हो. जुन्या भिंती, वेळ लागतो."

काल न राहवून मी गवंड्यालाच फोन लावला.

"अंकलजी," तो म्हणाला, "वो तो पंद्रह दिन पहले सूख गया. आंटी ने बताया नहीं?"