खिडकीची सीट

नाबरकाका पत्ता सांगताना अजून न बांधलेल्या स्टेशनांच्या खुणा द्यायचे. "अगं, सोपं आहे. देऱ्यात आपलं स्टेशन येतंय ना, त्याच्या मागची गल्ली." दुबईच्या त्या जुन्या भागात स्टेशनच्या जागी तेव्हा नुसती वाळू आणि उन्हात तापलेल्या गाड्या. टॅक्सीवाल्याला मी काय सांगणार, कपाळ?

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. दुबईची शहरी रेल्वे आखणाऱ्या एका सल्लागार कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते आणि मी पुण्याहून आलेली नवी इंजिनिअर. दोघंही शारजात राहायचो, म्हणून मी त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायचे. रस्ता तुंबला की सगळे हॉर्न वाजवत, काका स्टिअरिंगवर ठेका धरून म्हणायचे, "वाजवा, वाजवा. सगळ्यांना डब्यात बसवणार आहे." स्वतःसाठी त्यांना एवढंच हवं होतं: रेल्वे धावली की तिकीट काढून एकदा खिडकीशी बसायचं.

प्रवासी किती मिळतील याचा अंदाज घ्यायला आम्ही बसस्टँडवर लोकांना विचारत फिरायचो, रेल्वे झाली तर वापराल का? पेशावरचा एक गवंडी हसला. "साब, तब तक हम इधर होगा क्या?"

"तू नहीं तो दूसरा होगा," काका त्याला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हो धर."

"काका, हे 'हो' कसं?"

"अगं, इथे माणूस बदलतो, सीट भरलेली राहते. रायडरशिप म्हणजे दुसरं काय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारचं बिऱ्हाड गेलं, ऑफिसचा चहावाला बदलला, की ते यायचंच. मला ते आवडायचं आणि थोडं बोचायचंही.

मग काकांची साठी जवळ आली. त्या वयानंतर व्हिसा वाढवून मिळणं कठीण. आमचे लेबनीज मॅनेजर भले गृहस्थ. त्यांनी अर्ज केला, स्वतः खेटे घातले. काका रोज विचारायचे आणि ते रोज मायेने म्हणायचे, "इन्शाल्ला, हबीबी." एके दिवशी ते नुसतंच "इन्शाल्ला" म्हणाले. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "खलास. आज हबीबी गाळलं त्यांनी."

मी बरंच बोलले: दुसरा एजंट, पुन्हा अर्ज. सगळं करून झालं होतं. अर्ध्या आयुष्याचं गाव सोडून काकांना जावं लागत होतं आणि रागवायचं तरी कोणावर, हेच कळत नव्हतं. मला रडू येत होतं आणि पुढची गाडी जागची हलत नव्हती.

शेवटच्या दिवशी काका खण रिकामा करत असतानाच मॅनेजर संकोचत मला म्हणाले, उद्यापासून तू या टेबलावर बस. काकांनी ते ऐकलं. हातातली पिशवी खाली ठेवली, रुमालाने खुर्ची पुसली आणि माझ्या उंचीला जुळेल अशी खाली केली.

"उद्या कशाला, आत्ताच बस," ते म्हणाले. "खिडकीची आहे."

मी बसले. त्यांचं ते सीटचं वाक्य आता येईल म्हणून वाट पाहिली. काका पिशवी उचलून लिफ्टकडे गेले.